घंटेपर्यंतचा डाव

कारखाना गणवेशांचा. शाळांचे, दवाखान्यांचे, बस डेपोचे. शिवणारे हात पन्नासच्या वर, पण कापणारा एकच, आणि त्यालाच सगळे मास्तर म्हणायचे. टेबलावर एकावर एक कापडाचे साठ थर अंथरलेले असायचे. खडूची रेघ ओढायच्या आधी मास्तर त्या टेबलाभोवती दोन फेऱ्या घालायचे, डोळे बारीक करून, जणू तयार झालेला शर्ट घालून कोणीतरी त्यांच्यासमोर उभाच आहे. एक बोट इकडचं तिकडं झालं की साठ बाह्या वाया. कोणी घाई केलीच तर म्हणायचे, "खडू पुसता येतो रे. कात्री पुसता येत नाही."

जेवणाच्या सुट्टीत हाच माणूस पार बदलून जायचा. सुट्टी अर्ध्या तासाची. दहा मिनिटांत डबा आटपायचा, आणि उरलेली वीस मिनिटं बुद्धिबळ. पट पुठ्ठ्याचा, चारही कोपरे चिकटपट्टीने बांधलेले, एक हत्ती हरवला म्हणून त्याच्या जागी दोऱ्याचं रिकामं रीळ. घंटा झाली की डाव जिथं असेल तिथं थांबायचा आणि दोन्हीकडचे मोहरे मोजायचे. ज्याचे जास्त, तो जिंकला. हा नियम कोणी घातला ते कोणालाच आठवत नव्हतं. सगळ्यांना तो बुद्धिबळाचाच नियम वाटायचा.

या नियमाला मास्तरांनी आपलं तंत्र नीट बेतून घेतलं होतं. सुरुवातीला काहीतरी भूल घालून समोरच्याचं एखादं प्यादं उचलायचं. एकदा का एक मोहरा वर आला, की मग नुसती कापाकापी. हत्तीला हत्ती, उंटाला उंट, वजिराला वजीर. पट झाडल्यासारखा मोकळा करायचा आणि हाताची घडी घालून घंटेची वाट बघायची. वीस वर्षांत मास्तर किती डाव जिंकले याची गणती नव्हती. आणि वीस वर्षांत त्यांनी एकही डाव शेवटपर्यंत खेळलेला नव्हता, ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही आली नव्हती. त्यांच्या स्वतःच्याही.

दरवर्षी बस डेपोशी चार पटांचा सामना व्हायचा, दोन्हीकडचे चार-चार खेळाडू, सगळ्यात तयारीचा पहिल्या पटावर. जिंकणाऱ्याला एक लाकडी ढाल मिळायची, ती नऊ वर्षं डेपोच्या भिंतीवर होती, कारण मास्तर असल्या सामन्यांना जात नसत. "घड्याळ लावून खेळतात, तीन-तीन तास. काम नाही का त्यांना?" असं म्हणून ते उडवून लावायचे. यंदा सगळ्यांनी गळ घातली. सुपरवायझर बाई, ज्यांच्या हातात कारखान्यातली प्रत्येक यादी असायची, त्या स्वतः टेबलापाशी आल्या. "मास्तर, तुमचं नाव पहिल्या पटावर लिहिलंय. खोडायला लावू नका." मास्तर हसले. आतून त्यांना तेच हवं होतं.

सामना डेपोच्या हॉलमध्ये झाला. मास्तरांच्या समोर एक मेकॅनिक बसला होता, नखांत ग्रीस, अंगावर निळा डगला. डगल्याची कॉलर मास्तरांनीच कापलेली. त्यांनी ती ओळखली आणि मनात म्हणाले, गडी आपल्याच कापडात आहे, जातो कुठं.

आणि झालंही तसंच. तासाभरात एक प्यादं वर आलं, मग कापाकापी झाली. शेवटी पटावर तीनच मोहरे उरले. मास्तरांचा राजा, त्याच्या पुढ्यात जागचं न हललेलं एक प्यादं, आणि पलीकडे मेकॅनिकचा एकटा राजा. तोवर बाकीचे तीन डाव संपले होते: एक जिंकला, एक हरला, एक बरोबरीत. सगळं या पटावर आलं होतं. कारखान्याची माणसं मास्तरांच्या पाठीमागे दाटीवाटीने उभी राहिली. एक वर आहे म्हटल्यावर ढाल आलीच, या हिशेबात सगळे होते.

मास्तरांनी सवयीने हाताची घडी घातली. मग त्यांच्या लक्षात आलं की इथं घंटा होणार नाही.

त्यांनी प्यादं दोन घरं पुढं ढकललं. मागून कोणीतरी जीभ टाळूला लावून आवाज काढला. "च्च." अगदी हलका. मास्तरांनी मान वळवली. मागे इस्त्रीदादा उभे होते, कारखान्यातले इस्त्रीवाले, अकरा वर्षं मागच्या खोलीत वाफेत काम करणारे, साठीला टेकलेले, कमी बोलणारे. मास्तरांच्या कपाळावर आठी पडली. आपल्याला च्च करणारा हा कोण? त्याच रागात त्यांनी प्यादं आणखी पुढं सरकवलं. मेकॅनिकचा राजा निवांत चालत आला आणि प्याद्याच्या वाटेत उभा राहिला.

मग ढकलाढकली चालली. प्यादं पुढं, त्याच्या मागोमाग राजा, धापा टाकत. प्यादं शेवटून दुसऱ्या ओळीत पोचलं. पुढच्या घरात काळा राजा ठाण मांडून बसलेला. प्यादं मारलं जाऊ नये म्हणून मास्तरांनी आपला राजा त्याच्या पाठीला लावला आणि वर बघितलं. काळ्या राजाला हलायला एकही घर नव्हतं.

"चालच नाही!" मास्तर उठलेच. "संपला! कोंडला की नाही?"

मागे टाळ्या पडल्या. ओव्हरलॉक मशीनवरचा कारागीर, ज्याचं तोंड मशीनपेक्षा जास्त चालायचं म्हणून ज्याला सगळे ओव्हरलॉकच म्हणत, त्याने शिट्टी मारली. मास्तरांनी हात पुढे केला. मेकॅनिकने तो धरला, पण त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि ते हरलेल्या माणसाचं नव्हतं.

पंच जवळ आले. "बरोबरी," ते म्हणाले.

"बरोबरी कशी? त्याला चाल कुठाय?"

"चाल नाही, पण शहही नाही. शह नसताना कोंडला तर बरोबरी. नियमच आहे साहेब." पंचांनी घड्याळाकडे बघितलं आणि अगदी सहज, काही मनात न ठेवता म्हणाले, "तुमच्याकडं अजून एकोणीस मिनिटं होती. विचार करायला हवा होता."

टाळ्या एकदम नाही थांबल्या. मागच्यांना कळलं नव्हतं, ते वाजवतच राहिले. पुढच्यांनी वळून त्यांना गप्प केलं. ते एकेक करून विझत जाणं मास्तरांनी पाठीवर ऐकलं.

परत येताना सगळे कारखान्याच्या माल पोचवायच्या गाडीत बसले होते, रिकाम्या खोक्यांवर. इस्त्रीदादा पुढे चालकाच्या शेजारी. गाडी डेपोच्या बाहेर पडली. मग ओव्हरलॉक म्हणाला, "मास्तर, एक वर असून निसटलं कसं काय हो?"

प्रश्न साधा होता. उत्तरही साधं होतं: मला येत नव्हतं. तीन शब्द. पण वीस वर्षांच्या मास्तरकीला ते तीन शब्द झेपेनात.

"लक्ष उडालं," मास्तर म्हणाले. आणि एवढ्यावर थांबले असते तरी भागलं असतं. "तो इस्त्रीवाला मागं उभा राहून च्च च्च करत होता सारखा. चाल डोक्यात धरली की च्च. धरली की च्च. माणूस खेळणार कसा?"

"हो, हो! मी ऐकलं ना!" ओव्हरलॉक खोक्यावरून उडालाच. "मी म्हटलं हे कोण पाल झालंय मागं!"

गाडी हसली. मास्तरही हसले. एकदाच झालेला च्च गाडी कारखान्याच्या फाटकापाशी पोचेपर्यंत दहा-बारा वेळा झालेला होता.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीदादा डबा घेऊन जेवणाच्या खोलीत आले, तर कोपऱ्यातून आवाज आला, "च्च." सगळे खाली माना घालून हसले. दादांनी इकडं तिकडं बघितलं, बाकावर बसले. मग बटणांची काजं करणाऱ्या बाईने केला, च्च. तिसऱ्या दिवशी चौघांनी. आठवड्याभरात ते दादांचं नावच पडलं. इस्त्रीला कपडे टाकायला जाणारा दारातूनच च्च करायचा आणि गठ्ठा ठेवून पळायचा. कोणी वाईट मनाने करत होतं असं नाही. रोज तेच ते काम, तेवढीच गंमत. पण दादा जेवणाच्या खोलीत यायचे बंद झाले.

प्रत्येक च्च बरोबर मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापायच्या. एकदा त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली आणि ओव्हरलॉकला म्हणालेही, "पुरे करा आता."

"तुमच्यासाठीच चाललंय मास्तर," ओव्हरलॉक म्हणाला. "ढाल गेली आपली त्याच्यापायी."

खरं तर ढाल अजून गेली नव्हती. सामना बरोबरीत सुटला की दीड महिन्याने पुन्हा खेळायचा, असा ठराव होता. या वेळी कारखान्याच्याच जेवणाच्या खोलीत. पहिल्या पटावर मास्तर, हे कोणी विचारलंही नाही.

मास्तरांनी घरी पट मांडला. राजा, प्यादं, समोर राजा. ढकलून बघितलं, बरोबरी. पुन्हा ढकललं, बरोबरी. बायको भाजी निवडता निवडता बघत होती. "तीनच मोहरे घेऊन काय बसलाय? बाकीचे हरवले का?" मास्तरांनी प्यादं परत जागेवर ठेवलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला तीन मोहऱ्यांचा डाव येत नाही, हे बायकोला काय सांगायचं.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस सुट्टीत जेवणाच्या खोलीत बसवेना म्हणून मास्तर उठले आणि पाय नेतील तिकडे गेले. पाय इस्त्रीच्या खोलीकडे गेले. दार अर्धं उघडं होतं. वाफेची इस्त्री बाजूला ठेवलेली, आणि दादा इस्त्रीच्या टेबलावर वाकून बसले होते. फडक्यावर खडूने चौसष्ट घरं आखलेली. वर बटणं. डगल्याचं मोठं पांढरं बटण, मोठं काळं बटण आणि शर्टाचं छोटं पांढरं.

मास्तरांना ते ओळखायला क्षणही लागला नाही.

दादांनी वर बघितलं. मास्तरांना वाटलं, आता हा बोलेल. आता काढेल सगळं. त्यांनी मनातल्या मनात मान खाली घातली होती, दादांनी नुसतं बोलायची खोटी होती.

"बसा," दादा म्हणाले. "पांढरी तुमची. जिंका."

मास्तर बसले. त्यांनी छोटं बटण पुढं ढकललं. पाच-सात चालींत काळं बटण कोंडलं. बरोबरी. दादांनी बटणं परत मांडली. पुन्हा बरोबरी. पुन्हा मांडली. सहाव्यांदा मास्तर वैतागले. "होतच नाही हे!"

"होतं," दादा म्हणाले. "मास्तर, तुम्ही शर्ट कापताना आधी काय बघता?"

"तयार शर्ट."

"आणि मग?"

"मग मागं मागं येतो. कॉलर कशी बसेल, त्यावरून गळा. गळ्यावरून खांदा."

"मग इथं कापत का सुटता?" दादांनी छोटं बटण उचलून बाजूला ठेवलं. "हे नाहीच असं समजा. आधी मला सांगा, तुमचा राजा कुठं उभा असला म्हणजे डाव तुमचा?"

मास्तर बघत राहिले. या बाजूने त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. वीस वर्षं त्यांना एकच प्रश्न माहीत होता: आता काय मारू? दादांनी खडूने तीन घरांत फुल्या केल्या. "प्यादं जिथं आहे तिथून दोन ओळी पुढं, ही तीन घरं. यातल्या कुठल्याही एकात तुमचा राजा पोचला, की काळ्याने डोकं आपटलं तरी प्यादं वजीर होणार. कडेच्या प्याद्याची गोष्ट वेगळी, ती नंतर. म्हणजे चालायचं कोणी?"

"राजाने."

"आणि प्यादं?"

"प्यादं बसून राहील."

"राजा पुढं, प्यादं मागं. त्या दिवशी तुमचं उलटं झालं होतं." दादा एवढंच म्हणाले. कुठल्या दिवशी, ते म्हणाले नाहीत.

मग रोज सुट्टीत मास्तर डबा घेऊन मागच्या खोलीत जायला लागले. दोन राजे मधे एक घर सोडून समोरासमोर उभे राहिले, की ज्याच्यावर चालायची पाळी येईल त्याला बाजूला सरावं लागतं, हे त्यांना तिथं समजलं. म्हणजे कधी कधी चाल आपल्यावर नसणं हाच फायदा. हे पचवायला त्यांना आठवडा लागला. प्रत्येक चालीआधी दादा त्यांना तोंडाने बोलायला लावायचे. "हात मांडीवर. आधी सांगा, त्याला काय हवंय?" मास्तर सांगायचे. "तुम्हाला कुठं पोचायचंय?" सांगायचे. "तिथून मागं या. आता कोणाची पाळी? मोजा." मास्तर घरं मोजायचे, बोटाने, पहिलीतल्या पोरासारखे. मोजून झालं की हात उचलायची परवानगी. पुष्कळदा मोजता मोजता त्यांच्या लक्षात यायचं की पहिल्या झटक्यात जी चाल करणार होतो ती साफ आंधळी होती. असल्या किती चाली आपण वीस वर्षांत छाती काढून केल्या असतील, या विचाराने त्यांना जेवण जायचं नाही.

"तुम्ही आमच्यात कधी खेळत का नाही?" त्यांनी एकदा विचारलं.

"आलो तेव्हा एकदा खेळलो होतो. तुमच्याशीच. माझा डाव आता कुठं सुरू होत होता, तर घंटा झाली. तुम्ही मोजलंत आणि म्हणालात, हरलात दादा." दादा हसले. "मला हसू आलं. म्हटलं, इथं आपलं काम नाही."

मास्तरांना तो डाव आठवत नव्हता.

चौथ्या आठवड्यात त्यांनी धीर केला. समोर बघून नाही, बटणांकडे बघून. "त्या दिवशी तुम्ही च्च केलं…"

"चुकलं माझं," दादा लगेच म्हणाले. "बघणाऱ्याने तोंड मिटून बघायचं असतं. मी नियम मोडला. म्हणून तर मला बोलणी बसतायत, मी कुठं काय म्हणतोय?"

या माणसाला ठाऊकच नव्हतं. गाडीत आपण काय म्हणालो, ते त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. एका च्च बद्दल एवढी शिक्षा होते असं तो खरोखर धरून चालला होता, आणि रोज समोर बसून आपल्याला शिकवत होता. तेव्हाच सांगायचं. वेळ होती, दार बंद होतं. मास्तर म्हणाले, "मग, कडेच्या प्याद्याचं काय म्हणत होतात?"

त्या दिवशी घरी बायकोने विचारलं, "हल्ली हे शिकवतंय कोण तुम्हाला?"

"इस्त्रीदादा."

"म्हणजे तेच का? ज्यांच्यामुळं तुमची ढाल गेली ते?"

"हं."

बायकोने हातातलं काम थांबवलं. "ज्याला एवढं येतं, त्याच्यामुळं तुम्ही हरलात कसे?"

मास्तर मोहरे डब्यात भरायला लागले. एकेक, सावकाश. तीनच होते, किती वेळ भरणार.

"अहो, मला नका सांगू," बायको म्हणाली. "मला सांगून काय व्हायचंय?"

सामन्याच्या आदल्या दिवशी सुपरवायझर बाई सुट्टीत यादी घेऊन आल्या. सगळे जमले होते. चार नावं वाचून झाली, पट कुठं मांडायचे ते ठरलं, खुर्च्या कोणी आणायच्या ते ठरलं. मग ओव्हरलॉक म्हणाला, "बाई, एक लिहून घ्या. च्चला उद्या आत सोडायचं नाही. दाराला कडी."

"बरोबर आहे," काजवाल्या बाई म्हणाल्या. "मास्तरांना निवांत खेळू द्या."

सुपरवायझर बाईंनी पेन उघडलं. "मागच्या खोलीतच थांबा म्हणते मी त्यांना. दार लावून."

"नको," मास्तर म्हणाले. सगळे वळले. "म्हणजे… त्यांची तशी चूक नव्हती. सोडून द्या आता."

काजवाल्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "बघा! याला मोठं मन लागतं. दुसरा असता तर तोंड बघितलं नसतं त्याचं."

"मास्तर ते मास्तर!" ओव्हरलॉकने टेबलावर थाप मारली. दोघातिघांनी माना डोलावल्या. मास्तर नको नको म्हणत होते तसतसा त्यांचा मोठेपणा वाढत चालला. अंगावर कोणी घाण टाकली असती तर ती झटकता आली असती. हे कौतुक कुठं झटकायचं?

ते उभे राहिले. हात टेबलाखाली होते ते त्यांनी वर आणले, मग परत खाली नेले.

"ऐका," ते म्हणाले. "दादांनी एकदा च्च केलं. एकदाच. मी चुकीची चाल केली तेव्हा. ते बरोबर होते. मला तो शेवट येतच नव्हता. आपण घंटा झाली की मोजतो, त्यामुळं मला वाटायचं एक वर म्हणजे जिंकलं. राजा कोंडला की बरोबरी होते हे मला त्या दिवशी पंचांनी सांगितल्यावर कळलं. गाडीत मी तुम्हाला खोटं सांगितलं. सारखं च्च च्च करत होते म्हणून. ते खोटं होतं."

काजवाल्या बाई डब्याचं झाकण लावायला लागल्या, ते बसेना. ओव्हरलॉकने तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही न बोलता मिटलं. मग थोड्या वेळाने म्हणाला, "पण मी तर ऐकलं होतं…" आणि त्याचं त्यालाच ते कसंसं वाटलं असावं, कारण तो खिडकीबाहेर बघायला लागला.

मास्तर मागच्या खोलीत गेले. दादा दवाखान्याच्या पांढऱ्या डगल्यांना इस्त्री करत होते, सुट्टी संपली नव्हती तरी. मास्तरांनी तेच सगळं पुन्हा सांगितलं. इथं ते जास्त अवघड गेलं. तिथं निदान पंधरा चेहरे होते, नजर कुठंही ठेवता येत होती.

दादांनी इस्त्री उभी केली. "म्हणजे ते एका च्च बद्दल नव्हतं."

"नाही."

"मला वाटलं माणसं एवढ्यावरून एवढी कशी चिडतात." दादांनी डगला उचलला, झटकला, घडी घातली. घडी वाकडी आली. त्यांनी ती मोडून पुन्हा घातली. "मी तुम्हाला रोज शिकवत होतो तेव्हा तुम्हाला हे ठाऊक होतं."

"होतं."

"रोज?"

"रोज."

वाफ सुटली, खोली भरली, विरली. मास्तर उभेच होते. दादा त्यांना बसा म्हणाले नाहीत.

"माफ करा म्हणायचं मला तोंड नाही," मास्तर म्हणाले.

"मग नका म्हणू." दादा पुढचा डगला अंथरत होते. "उद्या मला खेळायचंय. पहिल्या पटावर."

मास्तरांना वाटलं होतं दादा चिडतील, नाहीतर जाऊ द्या म्हणतील. या दोन्हीची त्यांनी तयारी केली होती. हे तिसरं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि त्यांच्या मनात पहिलं काय आलं, तर: पहिल्या पटावर? तिसरा, चौथा चालणार नाही का? एवढं सगळं ओकून आल्यावरही आतला माणूस जागा धरून बसला होता. त्याची मास्तरांना शिसारी आली.

त्यांनी हात मांडीशी धरले. दादांना काय हवंय? ते तर समोरच होतं. मागच्या खोलीत लपून राहिलेला माणूस खुर्चीवर बसलेला सगळ्यांना दिसायला हवा होता. आणि आपल्याला कुठं पोचायचंय? याचं उत्तर यायला फार वेळ लागला. इस्त्रीखालचा डगला होऊन बाजूलाही गेला.

"बरं," मास्तर म्हणाले. "मी सांगून येतो."

सुपरवायझर बाई अजून जेवणाच्या खोलीतच होत्या, यादी मांडीवर. मास्तरांनी सांगितलं: पहिल्या पटावर दादा.

"आणि तुम्ही?"

दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पटावरची माणसं तिथंच बसलेली होती. त्यातलं कोणीतरी म्हणेल, मास्तर, माझी जागा घ्या, अशी एक अंधूक आशा होती. मास्तर त्या आशेकडे बघत थोडा वेळ उभे राहिले. कोणी काही म्हटलं नाही.

"मी राखीव," ते म्हणाले.

बाई तरी म्हणतील, अहो असं कसं, असं त्यांना वाटलं. बाईंनी पट्टी घेतली, मास्तरांच्या नावाखाली ठेवली, नावावरून एक सरळ रेघ मारली आणि पेनचं टोपण लावलं.

"खुर्च्या बारा लागतील," त्या म्हणाल्या. "राखीव मोकळा असतो. तुम्ही आणाल का?"

"आणतो," मास्तर म्हणाले, आणि खुर्च्या मोजायला गेले.